दोन कार्डं, चार मॉनिटर आणि एकच ड्रायव्हर

संगणक-शंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच विषयाची गर्दी आहे. घरात किंवा ऑफिसात एखादं जुनं ग्राफिक कार्ड पडून आहे, जुन्या बाजारातून दोन मॉनिटर स्वस्तात मिळालेत, आणि आता सगळं एकाच कॅबिनेटला जोडायचं आहे. पत्रं बरीच आल्यामुळे या महिन्यात प्रिंटर आणि वाय-फायच्या शंकांना सुट्टी.

प्रश्न : डीटीपीच्या मशिनमध्ये जीटीएक्स १६५० आहे. त्याचे तिन्ही पोर्ट भरलेत. चौथ्या मॉनिटरसाठी जुनं जीटी ७३० दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. नवा ड्रायव्हर टाकला की ७३० समोर पिवळा त्रिकोण येतो आणि कोड ४३ दिसतो. जुना टाकला की १६५० बंद पडतं. दोन्हींपैकी खराब कोणतं? (सदाशिव पेठ)

उत्तर : दोन्ही ठणठणीत असणार. भांडण कार्डांचं नाही, ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. विंडोजवर एनव्हिडिया कंपनीच्या सगळ्या जीफोर्स कार्डांना मिळून ड्रायव्हरची एकच आवृत्ती चालते. एका कार्डाला २०१८ ची आणि दुसऱ्याला या वर्षीची, अशी वाटणी होत नाही. त्यामुळे ‘ही दोन कार्डं एकत्र चालतील का?’ याचा खरा अर्थ ‘या दोघांची नावं असलेली एखादी आवृत्ती आहे का?’ एवढाच. स्लॉट, वॅट, मेमरी हे सगळं त्यानंतर.

कार्डाच्या नावावर जाऊ नका, आतल्या चिपची पिढी बघा. जीटी २१०, ८४०० जीएस ही टेस्ला पिढी. त्यांचा ड्रायव्हर ३४२ च्या मालिकेत संपला. जीटी ६१० आणि ४००-५०० मालिकेतली कार्डं फर्मी पिढीची. त्यांचा शेवटचा नेहमीचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. जीटी ७१० आणि ६००-७०० मालिकेतली बहुतेक कार्डं केप्लर. केप्लरसकट नव्या पिढ्यांनाही सामावून घेणारा शेवटचा गेम-रेडी, म्हणजे नेहमीचा, ड्रायव्हर ४७२.१२, सप्टेंबर २०२१ चा. जीटीएक्स ७५० टीआय हे ७०० मालिकेत असूनही मॅक्सवेल आहे. ते, ९०० मालिका आणि पास्कल पिढीतली जीटी १०३०, १०५० टीआय वगैरे कार्डं ५८० च्या शाखेपर्यंत आली. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना गेम-रेडी सुधारणा मिळत नाहीत, मात्र सुरक्षेच्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ असं कंपनीने जाहीर केलं आहे. तुमचं १६५० ट्युरिंग पिढीचं, म्हणजे २०१९ चं.

आता तुमची खरी गंमत. जीटी ७३० या एकाच नावाने दोन पिढ्या विकल्या गेल्या. एकात ३८४ कोअर आणि ६४-बिट मेमरी, ते केप्लर. दुसऱ्यात ९६ कोअर आणि १२८-बिट मेमरी, ते फर्मी. दुकानात ‘हे १२८-बिट आहे, भारी आहे’ म्हणून हातात पडतं ते नेमकं जुनं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर दोनदा क्लिक करा, डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी निवडा. डीईव्ही या अक्षरांपुढे १२८७ असेल तर केप्लर, ०एफ०२ असेल तर फर्मी. नाहीतर जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चिपचं नाव सरळ दाखवतं: जीके २०८ म्हणजे केप्लर, जीएफ १०८ म्हणजे फर्मी.

केप्लर निघालं तर जमेल. ४७२.१२ ची फाईल आधी उतरवून ठेवा आणि मग इंटरनेटची केबल काढा किंवा वाय-फाय बंद करा. ही पायरी गाळली तर तुम्ही ड्रायव्हर काढताक्षणी विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने दुसरा टाकून मोकळं होतं आणि मग ‘बरोबर सगळं केलं तरी चालत नाही’ अशी पत्रं येतात. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, चालवा आणि ‘साफ करून बंद करा’ हा पर्याय घ्या. मशिन बंद झालं की भिंतीवरचं बटण बंद करून पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. दुसरं कार्ड बसवा, स्क्रू पक्का करा. चालू केल्यावर ४७२.१२ टाका, त्यात कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलवर खूण करा. मग विंडोजच्या डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये ड्रायव्हर आपोआप उतरवायला ‘नाही’ म्हणा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डं त्रिकोणाशिवाय दिसली की मगच इंटरनेट जोडा.

४७२ नंतर ४७३ ते ४७५ अशा आकड्यांचे ड्रायव्हर दिसतील. ते केप्लरपुरते काढलेले सुरक्षा-ड्रायव्हर आहेत. ‘नवा आकडा म्हणजे चांगला’ असं समजून तो टाकलात तर १६५० पुन्हा रुसेल.

फर्मी निघालं तर विंडोजवर नाद सोडा. ३९१.३५ ला १६५० माहीत नाही आणि १६५० ला चालणाऱ्या एकाही ड्रायव्हरला फर्मी माहीत नाही. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाईलमध्ये कार्डाचं नाव हाताने घुसवण्याची युक्ती सांगणारे भेटतील. तसं केलं की फाईलची डिजिटल सही मोडते, सहीची तपासणी बंद करून विंडोज चालवावं लागतं, आणि आतमध्ये त्या चिपसाठी लागणारा कोडच नसेल तर नाव घालून उपयोग शून्य.

केप्लर असलं तरी आमचं मत वेगळं आहे. रोज इंटरनेटवर असणारं, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह घेणारं मशिन २०२१ च्या ड्रायव्हरवर अडकवून ठेवू नये. वापरलेलं जीटी १०३० किंवा ७५० टीआय घ्या; १६५० बरोबर ५८० च्या शाखेवर निमूट चालेल. १०३० ची भूक ३० वॅट, ७५० टीआयची ६० वॅट.

प्रश्न : शेअर बाजाराच्या कामासाठी चार मॉनिटर हवे आहेत. मशिन आय५-६५००, एच-११० चा मदरबोर्ड, त्यावर एक मोठा स्लॉट आणि दोन छोटे एक्स१ स्लॉट. मोठ्या स्लॉटमध्ये जीटी ७१० आहे. छोट्या स्लॉटमध्ये कार्ड बसवायला रायझर मिळतो असं ऐकलं. कोणता घ्यावा? (कोथरूड)

उत्तर : चार मॉनिटरसाठी काहीच घेऊ नका. तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक आहेच; फक्त कार्ड बसवल्यावर बहुतेक बोर्ड ते गुपचूप बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मशिन चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ते चालू करा. कंपनीगणिक नाव बदलतं: कुठे ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’, कुठे ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’, कुठे नुसतं ‘इंटर्नल ग्राफिक्स’. ‘ऑटो’ वर असेल तर ‘एनेबल्ड’ करा. सेव्ह करून विंडोज चालू झाल्यावर इंटेलचा ड्रायव्हर टाका. आता बोर्डच्या मागचे पोर्टही जिवंत होतील. प्रोसेसर तीन मॉनिटर चालवू शकतो, पण एच-११० चिपसेटची मर्यादा दोनची आहे. एच-८१ आणि एच-६१ लाही तेच. म्हणजे बोर्डवर दोन, ७१० वर दोन, झाले चार. इंटेल आणि एनव्हिडियाचे ड्रायव्हर वेगवेगळे असल्यामुळे वरच्या उत्तरातलं भांडण इथे येत नाही.

इंटेलचं ग्राफिक मुख्य रॅममधूनच मेमरी घेतं, त्यामुळे रॅम ८ जीबी तरी असावी. आणि हे वाचून कुणी आय५-९४००एफ वर प्रयत्न करत बसू नका: नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक चालूच नसतं. रायझेनच्या ५००० मालिकेपर्यंत जी अक्षर नसलेल्यांचंही तसंच.

पाचवा-सहावा मॉनिटर लागलाच तर एक्स१ चा विचार करा. पण त्या स्लॉटमधून किती माल जातो याचा हिशेब आधी मांडा. एच-११० चे छोटे स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चे आहेत, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५०० एमबी, आणि तेही कागदावर. पॅकेटांचा खर्च वजा जाता सुमारे ४०० हातात येतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्याचं एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून, ८.३ एमबी होतं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे ४९८ एमबी. विंडो एका कार्डाने रंगवली आणि दिसायची दुसऱ्या कार्डाच्या मॉनिटरवर असेल, तर ते चित्र या रस्त्याने उचलून न्यावं लागतं. ४०० च्या रस्त्यावर ४९८ चा ट्रक जात नाही, म्हणून त्या मॉनिटरवर पूर्ण पडदा व्हिडिओ लावला की तो अडखळतो. कार्ड बदलून हे सुटत नाही. १३६६ गुणिले ७६८ च्या मॉनिटरला २५२ एमबी लागतात, तिथे भागतं. भावांचे तक्ते, एक्सेल, मेल यांत पडद्याचा थोडाच भाग बदलतो, त्यामुळे तुमच्या कामाला एक्स१ पुरेल. बातम्यांचं चॅनेल मात्र मोठ्या स्लॉटवरच्या मॉनिटरवर लावा.

रायझरपेक्षा कारखान्यातूनच एक्स१ ची कडा घेऊन आलेलं जीटी ७१० मिळालं तर ते घ्या. आधीच्या ७१० चाच ड्रायव्हर चालेल. रायझरच घ्यायचा तर दोन गोष्टी. एक, त्याची निळी केबल दिसायला यूएसबी ३.० ची असली तरी त्यातून यूएसबी जात नाही; ती संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये कधीही खुपसू नका. दोन, त्याला वीज देताना सोबत मिळणारा साटा-कनेक्टर वापरू नका. साटाच्या वीज-कनेक्टरवर १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. मोठ्या स्लॉटमधून ७५ वॅट घेणारं १०५० टीआय त्यावर टांगलं की आधी प्लास्टिक मऊ पडतं, मग वास येतो. एसएमपीएसमधून (संगणकाला वीज देणाऱ्या डब्यातून) थेट येणारा मोठ्या पिनांचा मोलेक्स किंवा सहा पिनांचा कनेक्टर वापरा. ७१० ला १९ वॅटच लागतात हे खरं, पण उद्या त्याच रायझरवर दुसरं कार्ड चढतं.

एक्स१ स्लॉटचं मागचं टोक तापवलेल्या पात्याने कापून लांब कार्ड बसवणारे कारागीर आहेत. कार्ड बसतंही. पण बोर्डवर एक्स१ स्लॉटमागे बहुधा कपॅसिटर किंवा हीटसिंक असतो, आणि अशा स्लॉटमधून कार्डाला २५ वॅटपेक्षा जास्त मिळण्याची हमी नसते. पात्यापेक्षा रायझर बरा.

प्रश्न : २ जीबीचं एक आणि ४ जीबीचं एक कार्ड लावलं तर ६ जीबी होतात का? दोन्हींमध्ये तो एसएलआयचा पूल लावावा का? (हडपसर)

उत्तर : नाही, आणि नाही. प्रत्येक कार्डाची मेमरी त्याच्यापुरती. एसएलआय, म्हणजे दोन कार्डांनी मिळून एकच चित्र रंगवणं, हा एकसारख्या कार्डांचा खेळ होता. जास्त मॉनिटरसाठी तो लागत नाही. उलट जुनी जुळी कार्डं असतील आणि एसएलआय चालू असेल तर दुसऱ्या कार्डाचे पोर्ट मुके होतात. पूल काढा, पॅनेलमध्ये एसएलआय बंद करा.

प्रश्न : कॅडच्या मशिनवर जीटीएक्स १०५० टीआय आहे. मित्राने रेडिऑन एचडी ६४५० दिलं. एनव्हिडिया आणि एएमडी एकाच मशिनमध्ये ठेवले तर विंडोज बिघडतं असं ऐकतो. खरं का? ६४५० वर तीन पोर्ट आहेत, तिन्हींना मॉनिटर लावता येतील? (भोसरी)

उत्तर : ही भीती विंडोज व्हिस्टाच्या काळातली. व्हिस्टामध्ये सगळ्या कार्डांना एकच ड्रायव्हर असण्याची सक्ती होती, म्हणून दोन कंपन्यांची कार्डं एकत्र चालत नसत. त्याआधी एक्सपीवर चालायची, आणि विंडोज ७ पासून पुन्हा चालतात. उलट दोन वेगळ्या पिढ्यांची एनव्हिडिया कार्डं घेण्यापेक्षा एक एनव्हिडिया आणि एक एएमडी हे पुष्कळदा सोपं पडतं, कारण दोघांचे ड्रायव्हर एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. जुळवाजुळव करावी लागते ती एकाच कंपनीच्या दोन कार्डांची. एएमडीचंही तेच आहे: एचडी ५००० आणि ६००० ची गाडी २०१५ च्या १५.७.१ वर आणि पुढे क्रिमसन १६.२.१ या बीटावर थांबली. एचडी ७७०० पासून आर९ ३०० पर्यंतच्या बहुतेक कार्डांना २०२२ च्या २२.६.१ पर्यंत जाता येतं. म्हणजे ६४५० आणि आरएक्स ५५० ही जोडी लावू नका. ६४५० आणि १०५० टीआय लावा.

तिन्ही पोर्टांचं मात्र जमणार नाही. त्या काळच्या रेडिऑन चिपमध्ये व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय यांना लागणारे घड्याळ-जनक (सिग्नलची लय ठरवणारे भाग) दोनच होते. तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर असेल तरच लागतो. तुमच्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट दिसत नसेल तर दोन मॉनिटर हीच हद्द; तिसरा लावला की विंडोज तो ओळखेल, पण चालू करताना एक बंद करायला सांगेल. डिस्प्लेपोर्ट असलेल्या जुन्या रेडिऑनवरही साधा स्वस्त कन्व्हर्टर लावला तर कार्डाच्या लेखी ते डीव्हीआयच राहतं. तिथे ‘अॅक्टिव्ह’, म्हणजे आत चिप असलेला, कन्व्हर्टरच मागा.

कॅडवाल्यांसाठी आणखी एक. ओपनजीएल या त्रिमिती चित्र काढण्याच्या पद्धतीवर चालणारे प्रोग्रॅम बहुधा मुख्य मॉनिटर ज्या कार्डावर असेल त्याच कार्डाला धरतात. तुमचा मुख्य मॉनिटर चुकून ६४५० वर राहिला तर १०५० टीआय आत नुसतं पंखा फिरवत बसेल आणि ड्रॉइंग फिरवताना घाम फुटेल. मुख्य मॉनिटर १०५० टीआयवर घ्या. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये त्या मॉनिटरचं चित्र निवडून ‘हा मुख्य करा’ या चौकोनात खूण करा. ड्रॉइंगची खिडकी त्याच पडद्यावर ठेवा आणि ६४५० वर पीडीएफ, मेल, लेयरचे पॅनेल असं हलकं सामान ठेवा.

प्रश्न : दोन १९ इंची चौकोनी मॉनिटर घेतले, दोन्हींना फक्त व्हीजीए आहे. कार्डावर डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट. डीव्हीआयचा पांढरा कनेक्टर घेतला पण तो कार्डात घुसतच नाही. (बिबवेवाडी)

उत्तर : जोर लावू नका, पिना वाकतील. डीव्हीआयच्या आडव्या पात्याभोवती चार सुट्या पिनांची भोकं असतील तर तो डीव्हीआय-आय. त्यातून जुना अॅनालॉग सिग्नल निघतो आणि तो पांढरा कनेक्टर चालतो. चार भोकं नसतील तर डीव्हीआय-डी. तिथे अॅनालॉग नाहीच, त्यामुळे नुसत्या तारा जोडून व्हीजीए मिळणं शक्य नाही. एनव्हिडियाने जीटीएक्स १०५० च्या पास्कल पिढीपासून अॅनालॉग काढून टाकला.

तुम्हाला एचडीएमआय ते व्हीजीए असा आत चिप असलेला कन्व्हर्टर हवा. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स-बाजारात, तपकीर गल्लीत मागितलात तर हजार प्रकार दाखवतील. घेताना बाजूला छोट्या यूएसबीची वीज घेण्याची सोय असलेला घ्या. कार्डाच्या एचडीएमआयमधून मिळणारी वीज काही कन्व्हर्टरना पुरत नाही आणि चित्र मधूनमधून जातं. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन १२८० गुणिले १०२४ हाताने निवडा, नाहीतर अक्षरं फुगलेली दिसतील. केबलची दिशाही विचारा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारी केबल उलटी चालत नाही.

वापरलेलं कार्ड घेताना याच व्हीजीएचा उपयोग होतो. ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून दाखवलेल्या कार्डाच्या पाठीवर व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय घ्या. फर्मी पिढीच्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयच्या बायोसमध्ये नाव बदलून ती १०५० म्हणून विकण्याचा धंदा बराच चालला. विंडोजला आणि गिऱ्हाइकाला नाव १०५० चं दिसतं, पण नवा ड्रायव्हर टाकला की पडदा काळा. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असं लिहून देतं. विक्रेता मशिनला लावून पाच मिनिटं तपासू देत नसेल तर कार्ड तिथेच ठेवा.

प्रश्न : दुसरं कार्ड लावल्यापासून चालू करताना चित्र भलत्याच मॉनिटरवर येतं. विंडोज ११ साठी बायोसमध्ये सीएसएम बंद केलं, तर आता काहीच दिसत नाही. (चिंचवड)

उत्तर : चालू होताना चित्र कोणत्या कार्डावर यावं हे बायोस ठरवतो, विंडोज नव्हे. ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ असा पर्याय शोधून मोठ्या स्लॉटचं नाव निवडा. तो पर्याय नसेल तर स्लॉटचा क्रम चालतो: नवं कार्ड प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये, जुनं खाली.

सीएसएम म्हणजे मशिन जुन्या पद्धतीने चालू करण्याची सोय. ती बंद केल्यावर काळोख, याचं कारण जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये यूईएफआयला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसला, समजणारा भाग, जीओपी, नाही. साधारण २०१२ नंतर, विंडोज ८ बरोबर तो कार्डांत येऊ लागला. जीपीयू-झेडमध्ये ‘यूईएफआय’ या चौकोनात टिक आहे का बघा. टिक असलेलं कार्ड पहिलं ठेवा. टिक नसलेलं दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं तर चालू होताना ते आंधळं राहील; विंडोज वर आल्यावर ड्रायव्हर त्याला बहुधा जागं करतो. पण काही बोर्ड असं कार्ड नुसतं दिसलं तरी सीएसएमचा आग्रह धरतात. तिथे सिक्युअर बूट आणि ते कार्ड यातलं एकच निवडावं लागेल, आणि आम्ही कार्ड काढू. आत्ता डिस्प्लेच येत नसेल तर दोन्ही कार्डं काढा, बोर्डच्या पोर्टवर मॉनिटर लावून बायोस पूर्ववत करा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल तर बंद मशिनची वायर काढून नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा.

दुसऱ्या कार्डावर कोड १२ आला तर ती वेगळी तक्रार: बोर्डाकडे कार्डाला द्यायला मेमरीच्या पत्त्यांची (अॅड्रेसची) जागा उरलेली नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ असेल तर चालू करा. नसेल तर न लागणारं ऑनबोर्ड ग्राफिक बंद करून बघा.

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या मशिनवर उबुंटू आहे. १६५० आणि फर्मीवालं ७३० तिथे तरी एकत्र चालेल का? (नारायण पेठ)

उत्तर : चालेल, पण एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर न टाकता. तिथेही त्याच्या दोन आवृत्त्या एका वेळी बसत नाहीत. कर्नलसोबत येणारा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर दोन्ही पिढ्या ओळखतो. लॉगिनच्या वेळी वेलँड (पडद्यावर चित्र दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था) निवडा, दोन्ही कार्डांचे मॉनिटर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दिसतील. कॅटलॉग, ब्राउझर, ऑफिस यांना हे पुरतं. नूव्होवर फर्मी कार्ड सुरुवातीच्या कमी वेगावरच अडकतं, त्यामुळे त्याच्या मॉनिटरवर व्हिडिओची अपेक्षा नको. उबुंटूने ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ सुचवला तर तो नाकारा.

प्रश्न : सी.ए. ऑफिसात सहा मशिन, प्रत्येकाला तीन-चार मॉनिटर करायचे आहेत. जुनी कार्डं जमवत बसावं की एकच कार्ड घ्यावं? (शिवाजीनगर)

उत्तर : एका मशिनचा प्रश्न असता तर घरातलं कार्ड वापरा म्हटलं असतं. सहा मशिनना सहा वेगवेगळ्या जोड्या लावल्या तर प्रत्येक विंडोज अपडेटनंतर सहा वेगळी दुखणी. एनव्हिडियाचं वापरलेलं क्वाड्रो पी६२० बघा: चार मिनी-डिस्प्लेपोर्ट, ४० वॅट, वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि कंपन्यांच्या जुन्या वर्कस्टेशनमधून निघालेली ही कार्डं बाजारात येत असतात. तीन मॉनिटर पुरत असतील तर पी४०० ३० वॅटमध्ये तीन पोर्ट देतं. दोन्ही पास्कल पिढीची, म्हणजे नव्या ड्रायव्हरच्या शर्यतीतून ती बाहेर पडली आहेत. पण मशिनमध्ये एकच कार्ड असल्यामुळे कुणाशी जुळवून घ्यायचा प्रश्न नाही. एनव्हीएस ५१० लाही चार पोर्ट आहेत आणि ते स्वस्त सांगतील, पण ते केप्लर आहे.

विजेचा फरक फार नाही. जादा कार्डाने सतत १० वॅट खाल्ले तर दिवसाला १० तास आणि ३०० दिवस धरून वर्षाचे ३० युनिट. एसएमपीएस मात्र तपासा. डब्यावर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, खरा आकडा स्टिकरवरच्या १२ व्होल्टच्या रांगेत असतो: तिथे १६ अँपिअर लिहिले असतील तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून १९२ वॅटच मिळतात. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. चार मॉनिटर त्यावर टाकण्याआधी बेरीज करा, किंवा दोनच त्यावर ठेवा. दोन कार्डं लावली तर दोन्हींमध्ये एक स्लॉट मोकळा सोडा. एप्रिल-मेमध्ये वरच्या कार्डाचा पंखा खालच्या कार्डाची गरम पाठच चाटत बसतो.

पी६२० घेताना सोबत मिनी-डिस्प्लेपोर्टचे कन्व्हर्टर आहेत का ते बघा. नसतील तर मॉनिटरच्या पोर्टप्रमाणे मोजून घ्या: डिस्प्लेपोर्ट असेल तिथे सरळ केबल, एचडीएमआय असेल तिथे साधा कन्व्हर्टर, व्हीजीए असेल तिथे चिपवाला. सहा मशिन म्हणजे चोवीस नग, त्यांची किंमत कार्डाच्या किमतीत धरूनच दुकानदाराशी बोला. आणि मिनी-एचडीएमआय देऊ करतील तो घेऊ नका, तो वेगळा.